दर दिवाळीला लॉन का जळतं? कोल्हापुरातल्या आखीव बागेतली हुमणी आणि तिचा सेंद्रिय बंदोबस्त

तक्रार दरवर्षी तीच असते आणि यायची वेळही ठरलेली. गणपती उठले, पावसाने उघडीप दिली, की लॉनवर पिवळट डाग दिसायला लागतात. दसऱ्यापर्यंत ते परातीएवढे होतात, एकमेकांना मिळतात आणि ऐन दिवाळीत, घरी पाहुणे यायच्या वेळी, मधला अख्खा पट्टा तपकिरी झालेला असतो. त्याच सुमाराला ड्युरांटाच्या कुंपणातलं एखादं झुडूप उभ्या उभ्या सुकतं. मग उपाय सुरू होतात. पाणी वाढवा, युरिया मारा, बुरशीनाशक फवारा. कशाचाच गुण आला नाही की ठेकेदाराला बोलवायचं, लॉनचे नवे तुकडे आणून अंथरायचे आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा त्याच जागी डाग मोजत बसायचं.

मोकळ्या, रानवट बागेत हे एवढं डोळ्यावर येत नाही. गवत गेलं तर तिथे तेरडा उगवतो आणि विषय मिटतो. पण ज्यांनी मध्यरेषा आखून, दोन्ही बाजूंना सारखे वाफे, सारखं कुंपण, टोकाला जोडीने पाम अशी बाग मांडली आहे, त्यांची पंचाईत होते. डावीकडचं एक झुडूप मेलं की उजवीकडचं जिवंत झुडूपही चुकीचं दिसायला लागतं. टाऊन हॉलच्या बागेत लहानपण गेलेल्या कोल्हापूरकराला घरापुढे चार गुंठे मिळाले तरी तो आधी दोरी लावून मधला रस्ता आखतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. हौस चांगली आहे. फक्त अशी बाग लपवाछपवी करू देत नाही.

या डागांमागे दहापैकी आठ वेळा हुमणी असते, म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी भुंगेऱ्याची पांढरी अळी. ऊसवाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको. बंगल्यातल्या मंडळींना मात्र ‘ती उसाची कीड, आपल्या लॉनला कशी लागेल?’ असं वाटतं. उसाचं मूळ काय आणि लॉनचं मूळ काय, अळीच्या दृष्टीने दोन्ही गवतच. आणि कोल्हापूर शहरातून कुठल्याही दिशेला पाच-सात किलोमीटर गेलं की ऊस लागतोच.

आधी खात्री करा

डाग दिसला म्हणजे हुमणीच, असं धरून चालू नका. खालच्या गोष्टी आधी बाद करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

पाणी कमी पडलं असेल तर जमीन कडक लागते, स्क्रू ड्रायव्हर आत जात नाही, आणि दोन दिवस पोटभर पाणी दिलं की गवत उठतं. बुरशी असेल तर पात्यावर कुजल्याची खूण दिसते, पण मुळं धड असतात. कुत्र्याच्या लघवीचा डाग मध्ये जळका आणि भोवती गर्द हिरवं कडं असा असतो. पाणी साचून मुळं गुदमरली असतील तर खुरपं घातलं की मातीला आंबूस वास येतो.

आता हुमणीची परीक्षा. डागाच्या मधोमध नाही, कडेला, जिथे हिरवं आणि पिवळं मिळतं तिथे, गवताची मूठ धरून वर ओढा. धड लॉन हाताला दाद देत नाही. हुमणी लागलेलं लॉन सतरंजीसारखं गुंडाळत वर येतं, कारण खाली मुळंच राहिलेली नसतात. मग त्याच जागी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि सहा इंच खोल असा चौकोन खणा, माती पोत्यावर पसरा आणि अळ्या मोजा. मधोमध खणू नका म्हटलं ते एवढ्यासाठी, की तिथलं खाऊन संपवून अळ्या कडेला सरकलेल्या असतात. बऱ्याच जणांचा निदानाचा घोटाळा इथेच होतो. वाळलेल्या गवताखाली खणतात, काही सापडत नाही, आणि ‘हुमणी नाही, पाणीच कमी’ म्हणून पाइप सोडतात.

उसात चौरस मीटरला एक अळी सापडली तरी ती धोक्याची पातळी मानतात. लॉनची मुळं दाट असतात, त्यामुळे चौरस फुटात एखादी अळी निरोगी लॉन पचवून टाकतं. माझा हिशेब असा, की फुटात तीन किंवा जास्त निघाल्या तर हात-पाय हलवायचे. कुंपणाच्या झुडपाला मात्र हा हिशेब लावू नका. वर्षा-दोन वर्षांचं रोप असेल तर त्याच्या बुडात दोन-तीन मोठ्या अळ्या पुरतात.

पक्षी तुमच्या आधी निदान करतात. साळुंक्या आणि गायबगळे रोज सकाळी लॉनच्या एकाच तुकड्यावर उतरून चोच खुपसत असतील तर तिथे खणून बघा. रात्रीतून लॉन उकरलेलं आढळलं तर ते घुशीचं काम असू शकतं, आणि तिथेही खाली काही खायला आहे म्हणूनच उकरलेलं असतं. लोक घुशीला पिंजरा लावतात. लावा, पण त्याने लॉन वाचणार नाही.

सापडलेली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते

हा भाग थोडा रेंगाळून वाचा, कारण सेंद्रिय बागेत शेणखताचा आणि पालापाचोळ्याचा खड्डा असतो आणि त्यात पांढऱ्या जाड अळ्या हमखास सापडतात. त्या बघून घाबरून अख्खा खड्डा उपसून टाकलेले लोक मला माहीत आहेत.

अळी धुऊन कोरड्या फरशीवर ठेवा आणि मिनिटभर बघा. हुमणीची अळी मळकट पांढरी, डोकं तांबूस-तपकिरी आणि दणकट, पुढच्या बाजूला तीन पायांच्या जोड्या, अंग अर्धवर्तुळात मुडपलेलं. शेपटीकडचा भाग काळपट दिसतो, ती आत भरलेली माती असते. फरशीवर ती कुशीवर पडून वळवळते किंवा पायांनी ओढत सरकायला बघते. पण अळी जर पाठीवर उताणी होऊन, पाय आकाशाकडे करून, झरझर सरकत निघाली तर ती हुमणी नाही. ती फुलांवर येणाऱ्या भुंग्यांच्या जातीची अळी. कुजलेला पाला खाते, खत बारीक करते, जिवंत मुळांना हात लावत नाही. तिला परत खड्ड्यात सोडा.

तिसरी अळी अंगठ्याएवढी जाड, शेणखताच्या ढिगात खोलवर सापडते. ती गेंड्या भुंग्याची. ही लॉनच्या मुळांवर येत नाही, पण तिचा भुंगा नारळाच्या आणि पामच्या कोंबात भोक पाडतो. दारात जोडीने पाम लावलेल्यांनी ती वेचून नष्ट केलेलीच बरी. एका पामचा शेंडा गेला की जोडी फुटते, आणि त्याच उंचीचा दुसरा पाम आणणं किती महागात पडतं ते नर्सरीत विचारून बघा.

दरवर्षी परत का येते

कारण आपण सप्टेंबरमध्ये जागे होतो आणि हुमणीचं वर्ष वळवाच्या पहिल्या पावसाला सुरू होतं.

वळवाच्या चांगल्या सरीने जमीन ओली झाली की सुप्तावस्थेत बसलेले तांबूस-तपकिरी भुंगेरे दिवेलागणीला, साडेसातच्या आसपास, जमिनीतून वर येतात. जवळच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात, पाला खातात, तिथेच मीलन होतं आणि पहाटे परत मातीत शिरतात. मादी जमिनीत तीन-चार इंच खोल एकेक अंडं घालते. अंडं मटकीच्या दाण्याएवढं, दुधी पांढरं. एक मादी साधारण ६० अंडी घालते. १० ते १५ दिवसांत अळी बाहेर येते. पहिल्या अवस्थेत ती २५ ते ३० दिवस असते, कुजलेलं सेंद्रिय खाते आणि जोडीला तंतुमुळं. दुसरी अवस्था ३० ते ४५ दिवसांची. तिसरी सगळ्यात लांबलचक, १४० ते १४५ दिवसांची, आणि खरं नुकसान तिचंच. म्हणजे जूनच्या अंड्यांचा हिशेब मांडला तर ऑगस्टच्या शेवटाला अळी तिसऱ्या अवस्थेत जाते आणि गणपतीनंतर डाग दिसतो. पावसात माती ओली असते म्हणून निम्मी मुळं गेली तरी गवत तग धरून राहतं. ऊन पडलं की पितळ उघडं पडतं.

सप्टेंबरमध्ये ही अळी मोठी आणि निबर झालेली असते. तेव्हा टाकलेल्या कुठल्याही सेंद्रिय औषधाला ती सहज दाद देत नाही. मेटारायझियम ही अळी मारणारी बुरशी औषध म्हणून मिळते, पण लोक म्हणतात, ‘मेटारायझियम टाकून बघितलं, काही उपयोग नाही.’ कधी टाकलं विचारलं की उत्तर येतं, नवरात्रात.

वेळेशिवाय आणखी तीन गोष्टी तिला दरवर्षी घरी आणतात.

पहिली, मे महिन्यातलं शेणखत. पावसाळ्याआधी लॉनवर खत-मातीचा थर द्यायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ट्रॉलीतून येतं ते बऱ्याचदा अर्धं कच्चं असतं. अंडी घालायला मादीला सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेली, भुसभुशीत, ओली जमीन आवडते, आणि लहान अळीचं पहिलं खाणंही तेच. आपण नेमकं तिच्या मुहूर्ताला अंथरूण घालून ठेवतो. साखर कारखान्याची मळी, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, ताजी आणून टाकली तरी तोच प्रकार.

दुसरी, बाहेरची माती. ‘मळीची काळी माती’ म्हणून नदीकाठच्या शेतातून आणलेल्या ट्रॉलीत अळ्या, कोष, भुंगेरे सगळं फुकट येतं.

तिसरी, दिवे. आखीव बागेत रस्त्याच्या दुतर्फा दिवे, कारंज्यावर झोत, कुंपणाखाली एलईडीच्या माळा असतात. मे-जूनच्या संध्याकाळी हे सगळं पेटलेलं असलं की भुंगेरे आपसूक लॉनवर उतरतात. मला माहीत असलेल्या एका मंगल कार्यालयाच्या लॉनचे डाग दरवर्षी मोठ्या हॅलोजनच्या खाली आणि शेजारच्या कडुनिंबांच्या रांगेलगतच पडायचे. लग्नसराई आणि भुंगेऱ्यांची वेळ एकच. तिथल्या माळीमामांना ते ठाऊक होतं. मालक ‘दिवे बंद ठेवून लग्न कशी लावू?’ म्हणायचे, आणि तेही बरोबरच होतं. शेवटी दिव्यांची तोंडं लॉनवरून काढून पार्किंगच्या फरशीकडे फिरवली. पडलेले भुंगेरे सकाळी झाडूने गोळा व्हायला लागले.

माळावरची की नदीकाठची?

कोल्हापुरात हा प्रश्न विचारावाच लागतो. माळरानाच्या, मुरमाड आणि मध्यम जमिनीत जी दिसते तिला आपल्याकडे माळावरची हुमणी म्हणतात, शास्त्रीय नाव होलोट्रायकिया सेराटा. पंचगंगा, वारणा, कृष्णेच्या काठच्या भारी जमिनीतली ती नदीकाठची हुमणी, ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. पाचगाव, उजळाईवाडी, गोकुळ शिरगावकडे बंगला असेल तर पहिलीची शक्यता जास्त. वडणगे, प्रयाग चिखली, शिये किंवा शहरात दुधाळी-बावड्याच्या नदीकडच्या अंगाला असाल तर दुसरीही गृहीत धरा.

फरक का पडतो? झाडांवर गर्दी करून पाला खायची खोड माळावरच्या हुमणीची. तिथे झाड हलवून भुंगेरे पाडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. नदीकाठच्या हुमणीसाठी झाडांवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. तिथे प्रकाश सापळा आणि जमिनीतली बुरशी यांच्यावरच जोर द्यायचा.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या बागेत पाणी शिरलं त्यांच्यापैकी काहींना वाटलं होतं की निदान हुमणी तरी बुडून मेली असेल. नदीच्या पाण्यावर इतका विश्वास ठेवू नका. तिचं नावच नदीकाठची आहे.

वळीव ते मृग: भुंगेरे

वळवाची पहिली दणकट सर झाली की त्याच संध्याकाळी कामाला लागायचं. बागेत किंवा गल्लीत कडुनिंब, बाभूळ, बोर असेल तर त्याच्या पानांकडे सकाळी बघा. कडा खाल्लेल्या, चाळणी झालेली पानं दिसली तर भुंगेरे तिथे येतात. रात्री आठ-साडेआठला झाडाखाली जुनी चादर किंवा ताडपत्री अंथरा, बांबूच्या आकड्याने फांद्या जोरात हलवा. भुंगेरे टपाटप पडतात. बादलीत साबणाचं पाणी करून त्यात टाका. पोरांना हे काम फार आवडतं. हे एक दिवस करून भागत नाही. पहिल्या सरीनंतरचे आठ-दहा दिवस, आणि मध्ये खंड पडून पुन्हा पाऊस झाला तर पुन्हा.

कडुनिंब तोडून टाकू का, असं एका वहिनींनी विचारलं होतं. अजिबात नको. झाड आहे म्हणून भुंगेरे एका जागी सापडतात. झाड तोडलं तर ते येणारच, फक्त कुठे बसले ते कळणार नाही.

प्रकाश सापळा घरी होतो. पसरट घमेल्यात साबणाचं पाणी, त्यावर दोन-तीन फुटांवर बल्ब टांगायचा. संध्याकाळी सात ते नऊ पुरे. रात्रभर लावून भुंगेऱ्यांबरोबर बाकीच्या निरपराध किड्यांचा खून करायचं कारण नाही. सापळा लॉनच्या मधोमध लावू नका. दिव्याकडे आलेली प्रत्येक मादी घमेल्यात पडतेच असं नाही. आजूबाजूला पडलेल्या माद्या मऊ मातीत शिरतात. म्हणून फरशीवर, गाडी लावतो तिथे किंवा गच्चीच्या कडेला लावा. तेवढे पंधरवडे बागेचे शोभेचे दिवे सात ते नऊ बंद.

हे एकट्याने केलं तर फायदा कमी. कॉलनीतल्या पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात केलं तर फरक डोळ्याला दिसतो. साखर कारखाने भुंगेरे गोळा करायच्या मोहिमा गावंच्या गावं धरून काढतात ते याचसाठी.

जून-जुलै: बुरशीचं काम

खरी मदार इथे आहे. मेटारायझियम अ‍ॅनिसोप्ली ही बुरशी अळीच्या कातडीवर चिकटते, रुजते, आत शिरते आणि तिला आतून संपवते. मेलेली अळी मऊ पडत नाही, कडक होते. आधी पांढरी बुरशी दिसते आणि मग तिच्यावर हिरवट पूड धरते. खणताना अशी हिरवी, काडीसारखी ताठ अळी सापडली की औषध रुजलं असं समजा. ती फेकू नका, तिथेच मातीत राहू दे. तिच्या अंगावरची पूड म्हणजे पुढच्या अळ्यांसाठीचं बियाणं.

प्रमाण हेक्टरी २० किलो. म्हणजे गुंठ्याला २०० ग्रॅम. बंगल्याच्या बागेला एक किलोची पिशवी खूप झाली. ती थेट उधळू नका. दहा-बारा किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात किंवा गांडूळखतात २०० ग्रॅम मिसळा, ओंजळीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतकं ओलं करा, सावलीत ओल्या पोत्याखाली आठवडाभर ठेवा, मधून एकदा परता. बुरशी त्यात वाढते. मग लॉनवर आधी पहारीने किंवा काट्याच्या पंजाने चार-सहा इंचांवर भोकं पाडून घ्या, मिश्रण चाळून हाताने पसरा, झाडूने भोकांत लोटा आणि वरून झारीने पाणी द्या. कुंपणाला प्रत्येक झुडपाच्या बुडाभोवती चर काढून मूठ-दोन मुठी. काम संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी. ऊन ही या बुरशीची वैरी आहे, आणि कोरडी माती त्याहून मोठी.

वेळ म्हणजे मृगाचा पाऊस बसला आणि जमीन खालपर्यंत ओली झाली की. नेहमीच्या सालात जूनचा दुसरा पंधरवडा. तेव्हा अळ्या नुकत्या अंड्यातून निघत असतात. दुसरा हात महिन्याने, जुलैच्या मध्याला. मात्र धो-धो पाऊस लागला असेल तेव्हा टाकून गटारात वाहून घालवू नका, उघडीप बघा. त्या महिन्याभरात लॉनवर बोर्डो मिश्रण, तांब्याचं किंवा दुसरं कुठलंही बुरशीनाशक मारायचं नाही. बुरशीनाशकाला ही आपली बुरशी आणि ती परकी हे कळत नाही. गुलाबावर काळ्या ठिपक्यांसाठी फवारायचंच असेल तर गुलाबाचा वाफा लॉनपासून वेगळा आहे ना ते बघा.

पिशवी घेताना तारीख वाचा. दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेली पिशवी कितीही स्वस्त असली तरी नको. कृषी महाविद्यालयात, कृषी विज्ञान केंद्रात किंवा ओळखीतल्या ऊस उत्पादकामार्फत कारखान्याच्या शेती विभागात चौकशी केली तर ताजा माल मिळण्याची शक्यता जास्त.

मेटारायझियमला जोड म्हणून कीटकभक्षी सूत्रकृमी मिळतात, हेटेरोऱ्हॅब्डिटिस इंडिका नावाचे. ते अळीच्या अंगात शिरतात, आपल्यासोबतचे जिवाणू सोडतात आणि अळी दोन-तीन दिवसांत मरते. मेलेली अळी विटकरी लाल होते, त्यावरून ओळखायचं. हे जिवंत प्राणी आहेत. पाकीट गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवलं तर संपलं. दिवेलागणीला, ओल्या जमिनीत, पाकिटावरच्या प्रमाणाने पाण्यातून द्या आणि नंतर आठवडाभर ओल टिकवा. जुलै-ऑगस्टला चांगले लागू पडतात.

निंबोळी पेंड गुंठ्याला पाचेक किलो द्या, मादीला जागा नकोशी होते आणि खतही होतं. पण पेंडीने मोठी अळी मरते या भ्रमात राहू नका. जीवामृताचं तेच. आपल्याकडे गुळाला तोटा नाही, त्यामुळे जीवामृत घरोघरी होतं, लॉनही त्याने तजेलदार होतं. हुमणी मात्र त्याने मरत नाही.

पहिल्या वर्षी डाग पूर्ण थांबत नाहीत, कमी होतात. बुरशी जमिनीत टिकून राहते, पण तिला ओल आणि सेंद्रिय पदार्थ लागतो, आणि दर पावसाळ्यात निदान एक हात द्यावा लागतो. दुकानदार ‘एकदा टाका, विसरून जा’ म्हणत असेल तर दुसऱ्या दुकानात जा.

आत्ता डाग पडलाय, आत्ता काय करू?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे वाचत असाल तर औषधापेक्षा हात चालवा. सुटलेलं लॉन गुंडाळत उचला, खालची दोन-तीन इंच माती खुरप्याने हलवा, अळ्या वेचा. गुंठ्याचं लॉन असेल तर दोन माणसांचं सकाळचं काम. डागाच्या कडेबाहेर फूटभर हिरवं दिसणारं लॉनही उचला, जास्त अळ्या तिथेच निघतात. मग माती सपाट करून, गुंडाळलेल्यात जे जिवंत आहे ते परत दाबून बसवा आणि मेटारायझियम त्या वेळी टाका, आत्ताच्या अळीसाठी कमी आणि पुढच्या पिढीसाठी जास्त.

नोव्हेंबर-डिसेंबरात अळी कोषात जायला खोल उतरते. तेव्हा लॉनमध्ये काही करता येत नाही, पण हंगामी फुलांचे वाफे कुदळीने खोल खणून तापत ठेवता येतात. खणलेली माती लगेच सपाट करू नका. पक्ष्यांना दोन दिवस द्या.

फोरेट या जुन्या रासायनिक कीटकनाशकाचा विषय निघतोच. जुन्या शेडमध्ये अर्धी पिशवी पडलेली असते आणि कुणीतरी ‘टाका की मूठभर’ म्हणतं. २०२० संपता संपता त्यावर देशात बंदी आली आहे. आणि बंदी नसती तरी ज्या लॉनवर नातवंडं लोळतात आणि साळुंक्या अळ्या टिपतात तिथे ते टाकायची हिंमत कशी होते? मीठ, डिझेल, फिनेल हेही नको. त्याने अळीबरोबर जमीनही जाते.

आराखड्यातच थोडं बदला

आखीव बाग म्हणजे भरपूर लॉन, हे समीकरण मला पटत नाही. आखीवपणा येतो तो रेषेतून. मधल्या मोठ्या लॉनचे चार तुकडे करून मध्ये दीड-दोन फुटांचे फरशीचे किंवा मुरुमाचे पट्टे घातले तर मांडणी उलट जास्त ठसठशीत दिसते आणि एक तुकडा बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

मेक्सिकन लॉन गालिच्यासारखं दिसतं म्हणून सगळे तेच लावतात. पण ते मंद वाढतं, खाल्लेली जागा भरून यायला महिने जातात. जिथे दरवर्षी त्रास आहे तिथे साधी हरळी लावा. ती धावत येऊन खड्डा भरते. पावसाळ्यात कापणी दोन इंचांच्या खाली नेऊ नका. पात जितकी उंच, मूळ तितकं खोल, आणि थोडी मुळं गेली तरी गवत उभं राहतं.

खत-मातीचा थर मेमध्ये न देता फेब्रुवारी-मार्चमध्ये द्या, तोही पूर्ण कुजलेल्या, चाळलेल्या खताचा. हाताला शेणाचा वास आला तर ते खत अजून तयार नाही. वळवाच्या वेळेपर्यंत तो थर गवतात मुरून गेलेला असतो. शेणखताच्या खड्ड्यातही मेटारायझियम मिसळून ठेवलं तर गेंड्या भुंग्याच्या अळीवरही थोडा वचक बसतो.

कुंपणाचं सांगायचं तर, सगळीकडे सोनेरी ड्युरांटा लावण्यापेक्षा लांब रेषांना कोयनेल किंवा कामिनी घ्या आणि ड्युरांटा फक्त कोपऱ्यांच्या चौकोनांपुरता ठेवा. कोयनेलची मुळं चिवट, वाढ जोरकस, एखादं झुडूप गेलं तरी शेजारची दोन फांद्या टाकून भरून काढतात. कापताना बुड रुंद आणि माथा किंचित अरुंद ठेवा. सरळ उभ्या भिंतीसारखं कापलं की खालच्या पानांना ऊन मिळत नाही, बूड उघडं पडतं, आणि मग हुमणीने गेलं की कापणीने, तेही कळत नाही.

आणि एक राखीव रांग ठेवा. बागेच्या मागच्या बाजूला, नळाजवळ, कुंपणाच्या प्रत्येक जातीची पाच-सात रोपं मोठ्या पिशव्यांत, मुख्य कुंपणाबरोबरच कात्री लावून त्याच उंचीची आणि त्याच रुंदीची राखायची. लॉनचाही दोन बाय चार फुटांचा वाफा तिथेच. कुंपणातलं झुडूप गेलं की खड्डा फूटभर खोल आणि तेवढाच रुंद काढा, जुनी माती पोत्यावर पसरून अळ्या वेचा, मेटारायझियमचं मिश्रण दोन मुठी खाली घाला आणि राखीव रोप बसवा. नर्सरीतून ऐन वेळी आणलेलं रोप शेजाऱ्यांच्या गुडघ्याला लागतं आणि ती रेष जुळायला वर्ष जातं. राखीवातलं रोप त्याच संध्याकाळी रेषेत दिसतं. त्या रिकाम्या पिशवीत लगेच नवीन छाटकलम खोचून ठेवा. कोयनेल आणि ड्युरांटाच्या फांद्या पावसाळ्यात सहज मूळ धरतात, आणि कापणीच्या ढिगातच त्या फुकट मिळतात.